भट्टी निवेपर्यंत

साडेचारशेवरून खाली यायचंय तिला,
मिनिटाला दोन अंश, याहून घाई नको,
नाहीतर काचेवरचा थर तडकतो.
केसाचे उभे अडीचशे काप करावेत
त्यातल्या एका कापाएवढा थर.
आठवडा गेलाय त्यात.

मे महिना. जळगाव.
विभागात एसी एकच, तोही यंत्रासाठी.
आम्ही यंत्राच्या आडोशाने बसतो.

समोर अर्ज उघडा.
पोस्टडॉक. जागा एक. मुदत एक वर्ष,
निधी आला तर पुढचं पुढे.
देश कोरिया, शहराचं नाव अजून
माझ्या जिभेवर सरळ बसत नाही.
नाव यामिनी. आडनाव फालक.
मधल्या नावाला एका अक्षराची जागा.
धुडकू एवढा उंचापुरा माणूस,
'डी' होऊन बसला टिंबासकट.

संशोधनात खंड पडला असल्यास कारणे द्या.
पडला. चौदा महिने.
फेलोशिप दिल्लीहून निघालीय म्हणायचे,
कुठल्या स्टेशनात उभी होती कोण जाणे.
मी भुसावळला क्लासमध्ये
अकरावीच्या पोरांना घर्षण शिकवत होते.
लिहिलं: अध्यापनाचा अनुभव.

प्रबंधाचा विषय थोडक्यात सांगा.
केळी पिकताना जो वायू सोडते
त्याचा सुगावा लावणारा सेन्सर.
सावद्याच्या रायपनिंग चेंबरवर मुरलीमामा आहेत.
दार किलकिलं करतात, नाक आत घालतात:
"परवा सांजलोक रंग धरीन."
धरतो.
माझ्या सेन्सरला बेचाळीस सेकंद लागतात
आणि दमट हवेत तो खोटं बोलतो.
पण मामांना सर्दी झाली
की दिल्लीची गाडी अडते.
या एका वाक्यावर माझी सहा वर्षं उभी आहेत.
भिरूड सर म्हणाले, असं लिहू नका.
असंच लिहिलं.

मग एकदम ध्यानात आलं,
तिथलं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास.
त्यांची मध्यरात्र म्हणजे आपले साडेआठ.
भौतिकशास्त्रातल्या डॉक्टरेट बाईला हे
आठ वाजून सात मिनिटांनी कळलं.

आठ अकराला लाइट गेली.

भट्टीवरचा आकडा विझला, तीनशे बाराला.
जनरेटरमध्ये डिझेल नाही, त्याची फाइल वर गेलेली.
आता ती आपल्या मनाने निवणार, भसकन,
आणि माझा आठवडा
काचेवर रेघारेघांनी उकलणार.
उखाजींनी अंधारात काहीतरी आणलं,
रात्रपाळीची गोधडी, स्वतःची,
आणि भट्टीला पांघरली,
बाळंतिणीला पांघरावी तशी चहूबाजूंनी खोचून.
जळगावात, मे महिन्यात.

मी मोबाइलवर अर्ज धरलेला. बॅटरी नऊ टक्के.
पासपोर्ट: आहे. वय: तेहेतीस.
ध्येय पाचशे शब्दांत, तिथे एकशे चाळीसच.
आठ सत्तावीस. 'पाठवा'वर बोट.
चाक फिरायला लागलं.
फिरत राहिलं.
आणि फोन काळा झाला.

आता दोन्ही बंद.
अर्ज पोचला की नाही, थर तडकला की नाही,
दोन्ही सकाळीच कळणार.
वस्तू आणि भोवताल यांत फरक जितका कमी
तितकं निवणं सावकाश, हे मी दर वर्षी
फळ्यावर लिहिते, आलेख काढते,
शेवटी रेघ आडवी पडायला येते
तिथे खडू संपतो.
खोलीच अडतीस अंशांवर.
शेवटचे पन्नास अंश अख्खी रात्र खातील.

पायरीवर बसून उखाजी बिडी शोधत होते.
"ताई, तठे थंडी पडस का?"
पडते म्हटलं. बर्फ.
जरा वेळ गप्प बसले.
"मंग गोधडी लई जाय."

गोधडी भट्टीवर होती.
तिला अजून हात लावायचा नव्हता.